मदरबोर्डला घाम येत नाही

मे महिना आला की चिखलीतल्या ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानांत गर्दी उसळते. २०२५ मध्ये बारावीचा निकाल ५ मे रोजी आणि दहावीचा १३ मे रोजी लागला. त्याच वर्षापासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. त्यापाठोपाठ शिष्यवृत्ती, जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले, खरिपाच्या तोंडावर पीक कर्जाची आणि विम्याची कागदपत्रे. गावोगावच्या संगणकांवर वर्षातला सर्वांत मोठा भार पडतो तो नेमका वर्षातल्या सर्वांत तापलेल्या आठवड्यांत.

चिखली घाटावरची. घाटाखालच्या मलकापूर, शेगाव, खामगावपेक्षा इथली हवा थोडी सुसह्य मानली जाते. तरीही उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि पत्र्याखालच्या किंवा तापलेल्या स्लॅबखालच्या खोलीत भर दुपारी बसणाऱ्याला घाटावर असल्याचा फारसा दिलासा मिळत नाही. अशा खोलीत दुपारी दोन-तीनच्या सुमारास संगणक एकाएकी रेंगाळतो, अर्धा फॉर्म भरलेला असताना पडदा निळा होतो किंवा यंत्र स्वतःच बंद पडून पुन्हा सुरू होते. ‘गरम झाला असेल’ एवढ्यावर विषय संपतो. संध्याकाळी तोच संगणक सुरळीत चालतो आणि दुपारचा प्रकार विसरला जातो.

तो विसरण्यासारखा राहिलेला नाही, याला दोन कारणे आहेत. पहिले कारण पैशाचे. विंडोज १० ला मिळणारा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि अनेकांना यंत्र बदलण्याचा विचार करावा लागला. त्याच सुमारास एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्याने मेमरी चिपच्या किमती जगभर चढल्या. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन कंपनीने ‘क्रुशियल’ हा सर्वसामान्य ग्राहकांसाठीचा मेमरीचा ब्रँड बंद करण्याची घोषणा केली. अशा वेळी टेबलावर असलेला संगणक आणखी चार वर्षे टिकवणे हाच शहाणपणाचा व्यवहार ठरतो.

दुसरे कारण कमी लोकांना माहीत असते. आज वापरात असलेले अनेक असेम्बल केलेले संगणक ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवले जात असतात, आणि ते तसे चालत आहेत याची मालकाला कल्पनाही नसते.

वेग वाढतो, उष्णता त्याहून जास्त वाढते

प्रोसेसर सेकंदाला किती ठोके देतो, त्यावर त्याचा वेग ठरतो. कंपनी प्रत्येक चिपसाठी एक वेग ठरवून देते आणि त्यात थोडी राखीव जागा ठेवते, कारण एकाच साच्यातून निघालेल्या सगळ्या चिप सारख्या नसतात आणि त्या कुठल्या हवेत वापरल्या जातील हेही ठाऊक नसते. ही राखीव जागा वापरून टाकणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. १९९८ मध्ये इंटेलचा ‘सेलेरॉन ३००ए’ हा ३०० मेगाहर्ट्झचा स्वस्त प्रोसेसर हौशी लोक सर्रास ४५० मेगाहर्ट्झवर चालवत. कमी पैशांत महागड्या प्रोसेसरचा वेग मिळे, म्हणून हा प्रकार जगभर लोकप्रिय झाला.

ही वाढ फुकट मिळत नाही. चिपमध्ये तयार होणारी उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दहा टक्क्यांनी वाढवला आणि तो टिकावा म्हणून व्होल्टेजही दहा टक्क्यांनी वाढवले, तर १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे सुमारे १.३३. दहा टक्के वेगासाठी ३३ टक्के जास्त उष्णता मोजावी लागते. हिशेब उलट्या दिशेनेही चालतो. वेग आणि व्होल्टेज दोन्ही दहा-दहा टक्क्यांनी उतरवले तर उष्णता सुमारे २७ टक्क्यांनी कमी होते. फॉर्म भरणे, टायपिंग, हिशेब, प्रिंट काढणे या कामांत दहा टक्के वेग गेल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. उन्हाळ्यापुरता हा सौदा फायद्याचा आहे.

न सांगता केलेले ओव्हरक्लॉकिंग

पूर्वी ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्याला आपण काय करतो आहोत हे माहीत असे. आता अनेक मदरबोर्ड कारखान्यातूनच सैल मर्यादा घेऊन येतात. प्रोसेसरने किती वॅट ओढावेत याची मर्यादा काही बोर्डांच्या बायोसमध्ये ४,०९६ वॅट अशी लिहिलेली असते. घरगुती संगणकाचा कोणताही प्रोसेसर एवढी वीज घेत नाही, त्यामुळे या आकड्याचा अर्थ ‘मर्यादाच नाही’ असा होतो. स्पर्धेत आपला बोर्ड दोन-चार टक्के वेगवान दिसावा, हा त्यामागचा हेतू.

मेमरीचेही तसेच. रॅमच्या पाकिटावर ठळक छापलेला मोठा आकडा बहुतेक वेळा ‘एक्सएमपी’ किंवा ‘एक्स्पो’ नावाची सेटिंग चालू केल्यावरच मिळतो, आणि ती सेटिंग म्हणजे ओव्हरक्लॉकिंगच असते. असेम्बल करणारा ती चालू करून देतो, कारण गिऱ्हाईक पाकिटावरचा आकडा मागतो.

याचे परिणाम गेल्या काही वर्षांत उघड झाले. एप्रिल २०२३ मध्ये एएमडीचे रायझन ७००० मालिकेतले काही प्रोसेसर, विशेषतः ‘एक्स३डी’ प्रकारातले, मदरबोर्डवरच फुगून जळाल्याच्या तक्रारी आल्या. एक्स्पो चालू केल्यावर काही बोर्ड प्रोसेसरच्या एका भागाला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देत होते. त्यानंतर कंपनीने ते व्होल्टेज १.३ व्होल्टपर्यंत मर्यादित करणारी बायोसची सुधारणा आणली. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होत असल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या. चिपमधल्या सूक्ष्म प्रणालीकडून गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागितले जात होते, आणि इंटेलच्या मर्यादा ओलांडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगचाही त्यात वाटा होता. इंटेलने या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आणि बायोसमधून बसवण्याच्या दुरुस्त्या दिल्या. पण दुरुस्ती पुढचे नुकसान थांबवते, झालेले भरून काढत नाही. त्या काळात घेतलेला संगणक ज्यांच्याकडे आहे आणि ज्यांनी बायोस कधीच अद्ययावत केलेले नाही, त्यांच्या यंत्रात जुनी चूक आजही चालू असू शकते.

२५ अंशांची खोली आणि ४० अंशांची खोली

संगणक किती तापेल हे दोन गोष्टींवर ठरते. खोलीचे तापमान किती आणि यंत्र त्याच्या वर किती अंश चढते. समजा, एखादा प्रोसेसर पूर्ण भाराखाली खोलीपेक्षा ६० अंश वर जातो. खोली २५ अंशांवर असेल तर तो ८५ अंशांवर थांबतो. आताच्या बहुतेक प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते, म्हणजे हातात दहा-पंधरा अंश शिल्लक राहतात. तोच प्रोसेसर, तोच पंखा, तोच भार, पण खोली ४० अंशांवर असेल तर हिशेब १०० वर जातो. राखीव जागा संपली. संगणक मग स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. ओव्हरक्लॉकिंग करून जो वेग मिळवला, तो दुपारी आपोआप परत जातो आणि उष्णता मात्र पदरात पडते.

ओव्हरक्लॉकिंगचे बहुतेक सल्ले, चाचण्या आणि आकडे थंड खोल्यांतले असतात. एसएमपीएसच्या डब्यावरचे ‘८० प्लस’ हे प्रमाणपत्रसुद्धा सुमारे २३ अंश तापमानातल्या चाचणीवर दिले जाते. चिखलीतल्या मे महिन्याच्या दुपारी हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. कुठलाही सल्ला वाचताना त्यातले खोलीचे तापमान आधी पाहावे आणि आपल्या खोलीचा फरक त्यात मिळवावा.

पंख्याबद्दल मोठा गैरसमज आहे. माणसाला पंख्याखाली थंड वाटते, म्हणून यंत्रालाही तसेच होत असेल असे वाटते. माणसाच्या त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. ४० अंशांच्या हवेत पंखा खरे तर आपल्यापेक्षा गरम हवा अंगावर सोडत असतो. गारवा वाटतो तो घाम वाळतो म्हणून. त्यालाही मर्यादा आहे. हवा ४० अंशांच्या वर गेली की पंखा शरीर उलट तापवू शकतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मदरबोर्डला घाम येत नाही. त्याच्यावर कितीही जोराचा पंखा लावला तरी तो खोलीच्या तापमानाच्या खाली जाऊ शकत नाही. पंखा निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. तो यंत्र आणि खोली यांच्यातला ६० अंशांचा फरक ५० किंवा ४५ वर आणू शकतो. पण खोलीच ४२ अंशांवर असेल तर त्या ४२ चे पंखा काही करू शकत नाही. त्यातच घाटावर उंचीमुळे हवा समुद्रसपाटीपेक्षा काही टक्के विरळ असते आणि तितकीच कमी उष्णता वाहून नेते. फरक छोटा आहे, पण काठावर चालणाऱ्या यंत्राला तोही जाणवतो.

प्रोसेसरकडे लक्ष, बोर्डाकडे दुर्लक्ष

पडद्यावर तापमान पाहणारे बहुतेक जण प्रोसेसरचाच आकडा पाहतात. मदरबोर्ड किती तापला हे क्वचितच कोणी बघतो, आणि उन्हाळ्यात कायमचे नुकसान बहुधा तिथे होते.

एसएमपीएस मदरबोर्डला १२ व्होल्ट देतो. प्रोसेसरला मात्र साधारण एक ते सव्वा-दीड व्होल्ट लागतात. हे रूपांतर प्रोसेसरच्या शेजारी बसवलेल्या भागांच्या रांगेत होते. तिला ‘व्हीआरएम’ म्हणतात. प्रोसेसर २०० वॅट घेत असेल आणि व्होल्टेज १.२५ असेल, तर या रांगेतून १६० अँपिअर प्रवाह जातो. तुलनेसाठी, दोन हजार वॅटचा गिझर नऊ अँपिअरच्या आसपास घेतो. रूपांतरात दहा टक्के वीज वाया गेली तरी वीस-बावीस वॅट उष्णता तिथेच तयार होते. रेडिओ-मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातल्या सोल्डरिंग आयर्नची ताकद साधारण एवढीच असते, आणि ही उष्णता चार बोटांच्या पट्टीत कोंडलेली असते. महागड्या बोर्डांवर या रांगेवर धातूचा हीटसिंक असतो. स्वस्त बोर्डांवर अनेकदा तो अर्धाच असतो किंवा नसतोच. अशा बोर्डावर मोठा प्रोसेसर बसवून मर्यादा सैल सोडल्या की प्रोसेसरच्या आधी बोर्ड दमतो.

त्याच परिसरात कपॅसिटर असतात. ज्यांच्या पोटात द्रव असतो, त्या कपॅसिटरचा एक जुना आणि भरवशाचा नियम आहे. तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते. १०५ अंशांवर ५,००० तास टिकेल असा कपॅसिटर ६५ अंशांवर अंदाजे ८०,००० तास टिकतो. ७५ अंशांवर ४०,००० आणि ८५ अंशांवर २०,००० तास. चांगल्या मदरबोर्डवर आता घन प्रकारचे, जास्त टिकाऊ कपॅसिटर असतात. पण एसएमपीएसमध्ये आणि जुन्या बोर्डांवर द्रवाचेच असतात. दुरुस्तीच्या दुकानात ‘कपॅसिटर फुगला’ हे निदान ज्यांनी ऐकले आहे, त्यांनी या नियमाचा परिणाम पाहिलेला आहे.

हे नुकसान हळूहळू साचते, म्हणून उन्हाळ्यात तापलेला बोर्ड अनेकदा पावसाळ्यात किंवा दिवाळीत बंद पडतो आणि दोष विजेच्या झटक्याला दिला जातो. जुन्या बाजारातून मदरबोर्ड किंवा ग्राफिक्स कार्ड घेतानाही हे लक्षात ठेवावे. ते आधीच्या मालकाकडे किती तापले, याची नोंद कुठेच नसते.

४० अंशांत लंडनचे रुग्णालय

उष्णतेने संगणक बंद पडणे ही केवळ छोट्या दुकानाची अडचण नाही. १९ जुलै २०२२ रोजी इंग्लंडमध्ये कोनिंग्जबी येथे ४०.३ अंश तापमान नोंदले गेले, तो त्या देशाचा उच्चांक. त्याच दिवशी लंडनमधल्या गूगल आणि ओरॅकलच्या डेटा सेंटरांतली शीतयंत्रणा कोलमडली आणि सेवा खंडित झाल्या. लंडनच्या गाइज अँड सेंट थॉमस या रुग्णालय संस्थेची दोन्ही डेटा सेंटर बंद पडली. डॉक्टरांना रुग्णांच्या नोंदी, तपासण्यांचे अहवाल दिसेनासे झाले आणि कागद-पेन हाती घ्यावे लागले. सगळ्या यंत्रणा पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे गेले.

विदर्भातल्या माणसाला ४०.३ हा आकडा एप्रिलमधल्या एखाद्या साध्या दिवसाचा वाटेल. इथली यंत्रे लंडनपेक्षा दणकट असतात म्हणून चालतात असे मात्र नाही. यंत्रे तीच आहेत. तालुक्याच्या गावातल्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत रक्ताचे अहवाल देणारा संगणक, एक्स-रेची प्रतिमा उघडणारा संगणक, औषध दुकानातला बिलाचा संगणक आणि गेम खेळण्यासाठी घेतलेला संगणक, या सगळ्यांत त्याच प्रकारचे बोर्ड असतात. फरक एवढाच की गेम बंद पडला तर चिडचिड होते आणि अहवाल बंद पडला तर उपचार थांबतात. ज्या संगणकावर कोणाचे आरोग्य किंवा प्रवेश अवलंबून आहे, त्यावर कोणत्याही प्रकारचे ओव्हरक्लॉकिंग असू नये, हा नियम करायला काही खर्च येत नाही.

आधी उष्णता कमी, मग पंखे

उपाय करताना क्रम महत्त्वाचा. जास्त पंखे लावण्याआधी उष्णता तयारच कमी होईल हे पाहावे.

पहिली पायरी बायोसची. असेम्बल करून देणाऱ्याकडूनच हे करून घेता येते. बायोस अद्ययावत करावे, प्रोसेसरच्या वॅटची मर्यादा कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर आणावी, मदरबोर्डची ‘आपोआप वेग वाढवा’ छापाची सेटिंग बंद करावी. एएमडीच्या अनेक प्रोसेसरना ‘इको मोड’ असतो, तो उन्हाळ्यापुरता चालू ठेवावा. बायोसमध्ये जायचे धाडस नसेल तर विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केली की बहुतेक संगणकांत वेगाची वरची उडी बंद होते. एका टक्क्याच्या बदलाने तापमान ठळकपणे उतरते ते त्यामुळेच. गेम खेळणाऱ्यांनी सेकंदाला ६० चित्रांची मर्यादा घातली तर ग्राफिक्स कार्डचाही ताप कमी होतो.

दुसरी पायरी स्वच्छतेची. कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात हंगामातली धूळ आणि तंतू हीटसिंकच्या पात्यांत गोधडीसारखे बसतात. उन्हाळा सुरू होण्यापूर्वी संगणक बंद करून, वायर काढून, ब्लोअरने धूळ उडवावी. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. ती हवेने वेगात फिरली तर पंखा उलट वीज तयार करतो आणि बोर्डाला इजा होऊ शकते. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट काही वर्षांत सुकते. ती पुसून नवी, पातळ थरात लावणे हे थोड्या पैशांतले आणि मोठ्या फायद्याचे काम आहे.

तिसरी पायरी हवेच्या वाटेची. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवण्याची पद्धत अनेक दुकानांत आहे. त्या कप्प्यात यंत्र स्वतःचीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढते. कॅबिनेट बाहेर काढावे, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे, समोरून हवा आत आणि मागून-वरून बाहेर अशी वाट मोकळी ठेवावी. झाकण काढून टेबल फॅन लावल्याने तापमान लगेच उतरते हे खरे, पण आठवडाभरात धूळ त्याचा फायदा खाऊन टाकते. तातडीचा उपाय म्हणून ठीक, कायमचा नाही.

हौशी मंडळींत पाण्याने थंड करण्याच्या संचाचे आकर्षण आहे. तत्त्व चांगले आहे. तेवढ्याच आकारमानाचे पाणी हवेपेक्षा हजारो पटींनी जास्त उष्णता वाहून नेते. पुण्याच्या आयसर संस्थेतला ‘परम ब्रह्म’ हा सीडॅकचा महासंगणक थेट द्रवशीतनानेच थंड ठेवला जातो. पण घरच्या संचातले पाणी शेवटी त्याच खोलीतल्या हवेत उष्णता सोडते. खोली ४२ अंशांवर असेल तर पाणीही त्याच्या खाली जात नाही. शिवाय प्रोसेसरवरचा मोठा पंखा काढला की त्याच्या झोताने थंड राहणारी व्हीआरएमची रांग उघडी पडते. प्रोसेसरचा आकडा सुंदर दिसतो आणि बोर्ड मात्र आधीपेक्षा जास्त तापतो. असा संच बसवलाच तर त्या रांगेवर हवा मारणारा एक छोटा पंखा वेगळा द्यावा.

कूलर मित्र, पण अंतर ठेवून

चौथी पायरी खोलीची. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात आपला नेहमीचा ताटीचा कूलर उत्तम काम करतो. बाहेर ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास असेल, तर चांगल्या भिजलेल्या ताट्यांतून येणारी हवा तिशीच्या आसपास उतरू शकते. आधीच्या हिशेबात हे दहा-बारा अंश मिळवले, तर कुठल्याही महागड्या पंख्यापेक्षा ही कमाई मोठी आहे.

त्यासाठी तीन पथ्ये पाळावी लागतात. समोरची खिडकी किंवा दार उघडे हवे, नाहीतर ओलावा खोलीत साचतो आणि कूलर निकामी होतो. कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर नसावा. झोतातले सूक्ष्म थेंब बोर्डावर वाळतात आणि मागे क्षार उरतात. धूळ, क्षार आणि ओलावा एकत्र आले की वीज नको त्या वाटेने जाते आणि जोड गंजतात. पाणी जितके क्षारयुक्त, तितका धोका जास्त, त्यामुळे घाटाखालच्या खारपाणपट्ट्यात हे पथ्य अधिक कडक पाळावे. तिसरे म्हणजे, जूनमध्ये हवा दमट होऊ लागली की कूलरचा उपयोग घटतो. तेव्हा बायोसमध्ये उतरवलेला वेग लगेच वाढवू नये.

वीज गेल्यावर एक वेगळा धोका असतो. कूलर थांबतो, पण यूपीएसवर किंवा इन्व्हर्टरवर संगणक चालूच राहतो. यूपीएसची खरी सोय काम जतन करून यंत्र नीट बंद करण्यासाठी असते. कोंडलेल्या खोलीत त्यावर तासभर काम रेटणे बोर्डालाही महागात पडते आणि बॅटरीलाही.

खोलीतल्या माणसांचा विचारही याच हिशेबात येतो. संगणक जेवढी वीज घेतो, ती जवळपास सगळी शेवटी खोलीत उष्णता होऊन येते. शंभर वॅट घेणारे दहा संगणक म्हणजे दिवसभर चालू ठेवलेली हजार वॅटची शेगडी. स्वस्थ बसलेला माणूसही साधारण शंभर वॅट उष्णता बाहेर टाकतो. त्यामुळे ४०० वॅटचा गेमिंग संगणक खोलीत असणे म्हणजे आणखी चार माणसे दाटीने बसल्यासारखे आहे. यंत्राचा वेग थोडा उतरवला की खोली थंड राहते, विजेचे बिल कमी येते आणि तिथे आठ-दहा तास बसणाऱ्या ऑपरेटरला आणि रांगेतल्या पालकांना उष्माघाताचा धोका कमी होतो. मोठी कामे, अपडेट, व्हिडिओ तयार करणे, हार्ड डिस्कची नक्कल घेणे अशी कामे सकाळी किंवा रात्री उरकली तर दुपारचा भार आणखी हलका होतो.

पाहायचे आकडे

मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसरबरोबर ‘व्हीआरएम’ किंवा ‘मॉस’ नावाचा आकडा दिसत असेल तर तोही पाहावा. भर दुपारी, भाराखाली, तो ९० अंशांच्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट ठेवावे. काही स्वस्त बोर्डांवर हा सेन्सरच नसतो. अशा बोर्डावर वेग वाढवणे म्हणजे काटा नसलेल्या गाडीचे इंजिन तापवणे आहे. खोलीत साधा तापमापक टांगावा आणि त्याच्या शेजारी प्रोसेसरचा आकडा लिहून ठेवावा. दोन्हींतला फरक दर महिन्याला वाढत असेल तर धूळ साचली आहे किंवा पेस्ट सुकली आहे. फरक तोच आणि दोन्ही आकडे वर गेले असतील तर उपाय खोलीत करायचा आहे.

नवा संगणक घेताना दुकानदाराला दोन प्रश्न विचारावेत. मदरबोर्डच्या व्हीआरएमवर हीटसिंक आहे का, आणि प्रोसेसरची वॅटची मर्यादा किती ठेवली आहे. ‘सगळे फुल स्पीडवर सेट करून देतो’ हे उत्तर डिसेंबरात ऐकायला बरे वाटते. घाटावरच्या गावात ते मे महिन्याच्या दुपारी तपासून घ्यावे.